फुलाबाहेरचा मध : एका थेंबाच्या नावांचा इतिहास

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. वनस्पतिशास्त्राशी आमचा संबंध कवितेतल्या फुलांपुरता, आणि त्यातही बहुधा परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या फुलांपुरता. त्यामुळे प्रस्तुत लेखाचा विषय पाहून वाचकांना आश्चर्य वाटले तर ते स्वाभाविक आहे. या विषयाकडे आम्ही वळलो त्याला एक छोटासा प्रसंग कारणीभूत झाला. तो आधी सांगतो, कारण त्यात आमची चूक आहे.

आमच्यापैकी एकाच्या वर्गात निसर्गप्रतिमांविषयी बोलणे चालू होते. भ्रमर आणि कमळ, मकरंद आणि मधुकर ही जोडी संस्कृत काव्यापासून पंडित कवींपर्यंत आणि तिथून पुढे भावगीतांपर्यंत कशी चालत आली, याची उदाहरणे देऊन झाली. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, आमच्या बांधावरच्या एरंडाला फूल नसतं तेव्हाही त्याच्या पानांवर मुंग्या फिरत असतात. त्या कशाला येतात?’’ उत्तर तयार होते. ‘‘मावा पडला असेल.’’ तास पुढे सरकला. मधल्या सुट्टीत ही हकिकत ऐकल्यावर आमच्यापैकी दुसऱ्यानेही तेच उत्तर दिले.

दुसऱ्या दिवशी तिने एरंडाचे एक पान ओल्या फडक्यात गुंडाळून आणले आणि काही न बोलता टेबलावर ठेवले. पानावर मावा नव्हता. देठ जिथे पानाच्या पात्याला मिळतो तिथे दोन बारीक गाठी होत्या आणि त्यांतल्या एकीवर काचेसारखा चकाकणारा थेंब होता. प्रवासात टिकून राहिलेली एक मुंगी अजून तिथेच घुटमळत होती.

त्या थेंबाला शास्त्रात नाव आहे. किंबहुना त्याला एकामागून एक बरीच नावे मिळाली, आणि त्या नावांचा इतिहास वाचू लागल्यावर आमच्या ध्यानात आले की हा विषय वाटला तितका आमच्या क्षेत्राबाहेरचा नाही.

१

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात. अनेक वनस्पती फुलांबरोबरच पानांवर, देठांवर, उपपर्णांवर, कळ्यांच्या बाहेरच्या अंगालाही गोड रस स्रवतात. हा रस स्रवणाऱ्या गाठींना आपण मधुग्रंथी म्हणू. रसात मुख्यतः शर्करा असते आणि थोडी अमिनो आम्ले असतात. एरंडाच्या देठावर, कपाशीच्या पानाच्या पाठीमागे मधल्या शिरेवर, बाभळीच्या आणि तरवडाच्या पर्णदांड्यावर, कृष्णकमळाच्या देठावर, पांगाऱ्याच्या पर्णिकांच्या बुडाशी अशा ग्रंथी आढळतात. तिळाच्या झाडात तर पानाच्या बगलेत, फुलाच्या शेजारीच, बारीक पिवळट ग्रंथी दिसतात. त्या म्हणजे पूर्ण न वाढलेली फुलेच होत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वंकष सूचीत अशा सुमारे चार हजार वनस्पती नोंदवल्या गेल्या आणि त्या शंभराहून अधिक कुळांत विखुरलेल्या आहेत. ही रचना वनस्पतींच्या इतिहासात एकदाच उद्भवलेली नसून शेकडो वेळा स्वतंत्रपणे उद्भवली आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फ्लोरिसंट येथे सापडलेल्या, सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या पॉप्लरच्या अश्मीभूत पानांवरही ती ओळखता आली आहे.

एवढी प्राचीन आणि एवढी सर्वत्र दिसणारी गोष्ट आपल्या भाषेने टिपली कशी नाही? आपल्याकडे ‘मकरंद’ हा शब्द आहे, पण त्याच्या अर्थातच फूल आहे. फुलाबाहेरच्या मकरंदाला शब्द नाही. मुंगीही आपल्या वाङ्मयात आहे. मुक्ताबाईंच्या अभंगात आहे, लहानपण मागणाऱ्या तुकोबांच्या अभंगात आहे. पण तिथे ती साखरेजवळ आहे किंवा आकाशात आहे, झाडावर कामाला नाही. हा आपल्या भाषेचा दोष मानण्याचे कारण नाही. युरोपीय भाषांतही हा शब्द नव्हता. तो घडवावा लागला, आणि घडवायला शंभर-दीडशे वर्षे लागली.

२

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५७० साली आपला वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस याला मेक्सिकोतील वनस्पतींची माहिती गोळा करण्यासाठी पाठवले. त्याने नोंदवलेल्या असंख्य झाडांमध्ये बैलाच्या शिंगांसारखे जोडकाटे असणारी एक बाभूळ आहे. त्या पोकळ काट्यांत मुंग्या राहतात आणि त्यांचा दंश फार वेदनादायक असतो, हे त्याने लिहून ठेवले. त्याच्या ग्रंथाचा संक्षेप रोममध्ये १६५१ साली छापला गेला. मुंग्या त्याला दिसल्या. त्या तिथे का आहेत, हा त्याचा प्रश्न नव्हता. तो वैद्य होता; झाड कोणत्या दुखण्यावर चालते हे त्याला पाहायचे होते.

अठराव्या शतकात लिनियसने फुलातील मध स्रवणाऱ्या भागासाठी ‘नेक्टेरियम’ ही संज्ञा रूढ केली. त्याच लिनियसने तरुणपणी, १७२९ साली, वनस्पतींच्या विवाहावर एक छोटा प्रबंध लिहिला होता. फूल म्हणजे लग्नाची शेज, पाकळ्या म्हणजे तिचे पडदे, पुंकेसर म्हणजे वर आणि स्त्रीकेसर म्हणजे वधू, असे ते रूपक होते. ते त्या काळी काहींना अश्लील वाटले. मात्र वनस्पतींची वर्गवारी त्याने याच रूपकाच्या पायावर उभी केली. हे लग्नाचे रूपक पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

मध हा या लग्नात नेमका कशासाठी, याचा उलगडा क्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल या जर्मन शाळामास्तराने १७९३ साली केला. फूल कीटकांना मध देते आणि कीटक नकळत परागांची ने-आण करतात, हे त्याने शेकडो फुलांच्या निरीक्षणातून मांडले. समकालीनांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. पुढे डार्विनने त्याला न्याय दिला आणि मग हे उत्तर सर्वमान्य झाले.

आमच्या मते या इतिहासातले खरे वळण इथे आहे. मध कशासाठी हे ठाऊक नव्हते तोवर पानावरच्या मधाचे कोणाला कोडे पडले नव्हते. मध परागीभवनासाठी असतो हे एकदा ठरल्यावर मात्र पानावरचा थेंब त्या उत्तरात बसेना. लग्नघराबाहेर, वाटेत, कोणी पक्वान्नाचे ताट मांडून ठेवावे तसे ते झाले. म्हणजे आधीच्या प्रश्नाला उत्तर मिळाले म्हणून हा नवा प्रश्न जन्माला आला. १८४८ साली रोबेर्ट कास्पारी याने ‘पुष्पस्थ’ आणि ‘पुष्पबाह्य’ अशी मधुग्रंथींची विभागणी केली. ‘पुष्पबाह्य’ हे नाव केवळ पत्ता सांगते, काम सांगत नाही.

३

काम सांगणारी दोन नावे एकाच वर्षी, १८७४ साली, परस्परांपासून दूर असलेल्या दोन माणसांनी सुचवली.

पहिला थॉमस बेल्ट. इंग्लंडमधील न्यूकॅसलचा हा खाण-अभियंता ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या खाणींपासून सुरुवात करून १८६८ साली निकाराग्वातील चोंतालेस येथे एका इंग्रज सुवर्णखाण कंपनीचा व्यवस्थापक म्हणून आला आणि १८७२ पर्यंत तिथे राहिला. फावल्या वेळात त्याने जे पाहिले त्याचे पुस्तक १८७४ साली निघाले. डार्विनला ते अतिशय आवडले होते. पाने कापून नेणाऱ्या मुंग्या ती पाने खात नाहीत, त्यांवर बुरशी वाढवून ती खातात, हा आज प्रस्थापित झालेला तर्कही मूळचा बेल्टचाच.

एर्नांदेसने पाहिलेल्या शिंगाळ्या बाभळीसारखीच बाभूळ बेल्टसमोर होती. पण त्याने केवळ काटे आणि मुंग्या पाहिल्या नाहीत. पानाच्या दांड्यावरची मधुग्रंथी पाहिली, पर्णिकांच्या टोकांना येणारे पिवळसर खाद्यकण पाहिले (ते आज त्याच्याच नावाने ओळखले जातात), आणि मुंग्या दोन्ही खातात हे पाहिले. झाडाला कशाचाही स्पर्श होताच त्या धावून येतात आणि डसतात, हेही पाहिले. मग त्याने आणखी एक गोष्ट केली. बाभळीचे बी आपल्या बागेत पेरले. रोपे उगवली; पण त्या भागात ही विशिष्ट मुंगी नव्हती, आणि बाकीच्या मुंग्यांनी काट्यांत घर केले नाही. पाने कापणाऱ्या मुंग्यांनी ती रोपे ओरबाडून टाकली. माळावरच्या, मुंग्यांनी राखलेल्या झाडांना मात्र त्या हात लावताना त्याला कधी दिसल्या नव्हत्या. यावरून त्याने निष्कर्ष काढला : मुंग्या म्हणजे या झाडाने पोसलेली खडी फौज आहे. घर आणि अन्न हा तिचा पगार.

दुसरा इटलीचा फेदेरिको देल्पिनो. हा व्यासंगी वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढे जेनोवा, बोलोन्या आणि नेपल्स येथे प्राध्यापक झाला. १८७४ साली त्याने कीटक आणि या ग्रंथी यांच्या संबंधावर लिहिले आणि पुढे १८८६ ते १८८९ या काळात मुंग्यांना धरून असणाऱ्या वनस्पतींवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सुमारे तीन हजार वनस्पतींची नोंद आहे. देल्पिनोला ‘पुष्पबाह्य’ ही संज्ञा पुरेशी वाटली नाही. काही ग्रंथी फुलाच्याच निदलांवर, बाहेरच्या अंगाला असतात. त्यांचा पत्ता फुलातला, पण परागीभवनाशी त्यांचा संबंध नाही. तेव्हा विभागणी जागेवरून न करता कामावरून करावी, असे त्याने ठरवले आणि लिनियसचे लग्नाचे रूपक पुढे नेले. जो मध परागीभवनासाठी तो ‘वैवाहिक’, बाकीचा ‘विवाहबाह्य’.

मराठीत हा शब्द उच्चारताच वर्गात हशा पिकतो, आणि तो पिकू द्यावा असे आमचे मत आहे. कारण त्या हशातून एक मुद्दा आपोआप स्पष्ट होतो. ‘पुष्पबाह्य’ म्हणताना आपण वर्णन करतो. ‘विवाहबाह्य’ म्हणताना भाष्य करतो. देल्पिनोचे नाव अधिक अचूक आहे, आणि म्हणूनच अधिक धोक्याचेही. ते वापरले की ग्रंथीचे काम आपल्याला आधीच ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते. देल्पिनो निसर्गात हेतू पाहणारा होता. अशी प्रत्येक ग्रंथी मुंग्यांसारखे राखणदार बोलावण्यासाठीच निर्माण झाली, असे त्याचे म्हणणे होते.

४

डार्विनने बेल्टची बाभूळ मान्य केली, देल्पिनोचे ‘प्रत्येक’ मान्य केले नाही. १८७६ साली परपरागीभवन आणि स्वपरागीभवन यांवर त्याने जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याने स्वतः पाहिलेले एक उदाहरण दिले आहे. व्हेच नावाच्या, वाटाण्याच्या कुळातल्या वेलीच्या उपपर्णांवर ग्रंथी असतात. ऊन पडले की त्या स्रवतात आणि मधमाश्या येतात; सूर्य ढगाआड गेला की स्राव थांबतो आणि मधमाश्या निघून जातात. इथे राखण कोण कोणाची करतो? कोणीच नाही, असे त्याला दिसले. त्याचे मत असे की गोड रस हा मुळात झाडाच्या आतील रासायनिक घडामोडींतून बाहेर टाकला जाणारा निरुपयोगी पदार्थ असावा, आणि फुलात तो कामी आला म्हणून तिथे टिकला, वाढला. त्याचा मुलगा फ्रान्सिस याने त्याच सुमारास ब्रॅकन या नेच्यावरच्या मधुग्रंथींचा अभ्यास केला. नेच्याला फूल कधीच येत नाही; तरी मध आहे. ‘फुलाबाहेरचा’ हे विशेषणच तिथे निरर्थक ठरते.

त्याच १८७६ साली ऑस्ट्रियाच्या आंतोन कर्नरने तिसरा अर्थ लावला. मुंग्या फुलात शिरल्या तर मध फस्त करतात आणि परागांची ने-आण मात्र नीट करत नाहीत. त्या नको असलेल्या पाहुण्या. तेव्हा पानावरचा मध म्हणजे त्यांना मांडवाबाहेरच वाढलेली पंगत, म्हणजे त्या आत येणार नाहीत. पुढे कर्नरचेच जावई रिखार्ड फॉन वेटश्टाइन यांनी सूर्यफुलाच्या कुळातील काही वनस्पतींच्या कळ्यांवरून मुंग्या दूर ठेवून पाहिल्या, तेव्हा भुंगेऱ्यांनी त्या कळ्यांचे अधिक नुकसान केले. म्हणजे निदान तिथे तरी मुंग्या कामाच्या होत्या.

इथे क्षणभर थांबून या नावांकडे एकत्र पाहू. लग्न, फौज, पगार, टाकाऊ माल, नको असलेले पाहुणे. याच दशकात, १८७५ च्या ग्रंथात, बेल्जियमचा प्राणिशास्त्रज्ञ फान बेनेडेन याने परस्परांना उपयोगी पडणाऱ्या जीवांसाठी ‘म्युच्युअलिझम’ हा शब्द रूढ केला. आज आपण त्याला ‘सहोपकारिता’ म्हणतो. हा शब्द त्याआधी फ्रान्समध्ये कामगारांच्या परस्पर-साहाय्य मंडळांच्या आणि प्रुधोंच्या अर्थविचारांच्या संदर्भात वापरात होता. म्हणजे झाड आणि मुंगी यांच्यातील व्यवहाराला दिलेले जवळजवळ प्रत्येक नाव माणसामाणसांतल्या व्यवहारातून उसने आणलेले आहे. खाणीचा व्यवस्थापक पगारी फौज पाहतो, एवढ्यावरून आम्ही काही सिद्ध करू इच्छित नाही. तसे करणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. बेल्टने बी पेरून पाहिले होते. पण शब्द मिळाला की नजर त्या दिशेने जाते आणि दुसऱ्या दिशेने जायची थांबते, एवढे मात्र या इतिहासावरून म्हणता येते.

५

विसाव्या शतकाच्या आरंभी पारडे फिरले. जावातील बाइटेनझोर्ग येथील प्रसिद्ध वनस्पतिउद्यानात मार्गारेथा न्यूवेनहाउस यांनी अशा अनेक झाडांचे निरीक्षण करून १९०७ साली निष्कर्ष मांडला की या मधाने झाडाचे भले होण्यापेक्षा बुरेच अधिक होते, कारण त्याच्यापायी उपद्रवी कीटकही येतात. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये हेर्मान फॉन इहेरिंग याने, मुंग्या पोटात बाळगणाऱ्या सेक्रोपिया या झाडाविषयी लिहिताना, कुत्र्याला पिसवांची जितकी गरज तितकीच या झाडाला मुंग्यांची, अशा अर्थाचा टोला हाणला. उपमा चपखल होती. पुढची अनेक दशके ‘खडी फौज’ ही एक रम्य प्रवासकथा समजली जाऊ लागली.

या शंकेखोरांना मूर्ख ठरवणे बरोबर होणार नाही. त्यांनी जे पाहिले ते खरेच होते. मधाचा थेंब पाहुणा निवडत नाही. कपाशीचेच उदाहरण घ्या. तिच्या मधुग्रंथींची नोंद अमेरिकेत विल्यम ट्रीलीज याने १८७९ साली कपाशीवरील किडींच्या एका सरकारी अहवालासाठी केली होती. पुढे असे लक्षात आले की ज्यांच्या अळ्या बोंडे पोखरतात ते पतंगही हाच मध पितात. म्हणून हवाई बेटांवरील एका रानकपाशीचा, ग्रंथी नसण्याचा गुण लागवडीच्या कपाशीत आणण्याचे प्रयत्न झाले आणि १९६१ साली त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. पण ग्रंथी काढल्या की पतंगांबरोबर किडी खाणारे कीटकही उपाशी राहतात. विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या वाचकांनी कपाशीचे पान उलटे करून मधली शीर पाहावी. या साऱ्या वादाचे कारण तिथे असते.

आमचे स्वतःचे उत्तर, ‘मावा पडला असेल’, हेही या वादात अगदीच परके नव्हते, हे वाचून आम्हांला थोडा धीर आला. मावा आणि खवले कीडही गोड रस सोडतात आणि मुंग्या त्यांचीही राखण करतात. बेल्टच्या बागेतल्या एका कृष्णकमळावर दोन वर्षे मुंग्यांचा पहारा होता. पुढे त्यावर खवले कीड आली आणि मुंग्या झाडाचा मध सोडून किडीच्या मधाकडे वळल्या, असे त्यानेच लिहिले आहे. म्हणजे फौज फितूर होऊ शकते, हे ‘फौज’ म्हणणाऱ्यालाही दिसले होते.

६

वाद मिटला तो नव्या शब्दाने नाही, कात्रीने आणि फवाऱ्याने. डॅनियल जॅन्झेन या तरुण अमेरिकी संशोधकाने १९६० नंतरच्या दशकात मेक्सिकोत शिंगाळ्या बाभळींच्या काही झाडांवरच्या मुंग्या काढून टाकल्या आणि शेजारच्या झाडांवर तशाच ठेवल्या. मुंग्या नसलेल्या झाडांवर किडी तुटून पडल्या. आजूबाजूचे वेल त्यांच्यावर चढले, कारण बुंध्याभोवतीचे रान कुरतडून मोकळे ठेवण्याचे कामही मुंग्याच करत असत. काही महिन्यांनी नव्या फुटव्यांचे वजन केले तेव्हा मुंग्या असलेल्या झाडांची वाढ दहापटीहून अधिक भरली. हे संशोधन १९६६ साली प्रसिद्ध झाले. बेल्टने बागेत जे अजाणता पाहिले होते तेच जॅन्झेनने हेतुतः, मोजून केले. मधे नव्वदेक वर्षे गेली होती. इतकी वर्षे दोन्ही बाजूंनी निरीक्षणे आणि उपमा जमवल्या. मुंग्या काढून पाहण्याचे काम फार थोड्यांनी केले.

पण शिंगाळी बाभूळ हे टोकाचे उदाहरण. तिथे मुंगी झाडातच राहते. एरंडासारख्या झाडांवर मुंग्या केवळ येतात-जातात. त्यांचे काय? बार्बरा बेंटली यांनी १९७७ साली या प्रश्नाचा आढावा घेताना आपल्या लेखाच्या शीर्षकातच मुंग्यांना ‘भांडखोर अंगरक्षक’ म्हटले. आणि १९७९ साली सुझन कॉप्टर यांनी जे झाड निवडले ते नेमके डार्विनचे व्हेच. कॅलिफोर्नियात त्यांनी काही वेलींवर मुंग्या येऊ दिल्या, काहींवर येऊ दिल्या नाहीत. मुंग्या असलेल्या वेलींची पाने कमी खाल्ली गेली आणि त्यांना बीही जास्त धरले. डार्विनला जिथे राखण दिसली नव्हती, तिथेच ती होती. फक्त त्याच्या इंग्लंडमधल्या शेतात ती करणारे हात नव्हते. यातला आणखी एक तपशील आम्हांला फार बोलका वाटतो. कॅलिफोर्नियात हे व्हेच युरोपातून आलेले तण आहे आणि त्यावरची मुंगी अर्जेंटिनातून आलेली. दोघेही परके, त्यांच्यात पिढ्यानपिढ्यांचा कसला करार असण्याची शक्यता नव्हती. मध होता, भूक होती, तेवढ्यावर काम झाले.

७

यापुढचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे आणि आमच्या दृष्टीने अधिक अस्वस्थ करणारा.

मार्टिन हाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मॅकरँगा या आशियाई झाडात दाखवले की पान खाल्ले गेले की मधाचा स्राव वाढतो. म्हणजे पगार ठरावीक नाही; संकटाबरोबर तो वाढतो. २००५ साली त्यांनी दाखवले की शिंगाळी बाभूळ आपल्या मधातील उसाची साखर आधीच मोडून ठेवते. इतर मुंग्यांना तो मध मग फारसा आवडत नाही. बाभळीवर राहणाऱ्या मुंगीला मात्र तोच लागतो, कारण साधी साखर पचवणारे विकर तिच्यात क्रियाशील नसते. हे विकर तिच्यात का नसते, याचे उत्तर २०१४ साली मिळाले. कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुंगीत ते असते. ती बाभळीचा मध पहिल्यांदा पिते, आणि त्या मधातलेच एक प्रथिन तिचे ते विकर निकामी करते. त्यानंतर तिला दुसरीकडचे अन्न नीट पचत नाही. ती त्या झाडाची होते.

बेल्ट महाराष्ट्रातल्या एखाद्या गावी जन्मला असता तर त्याने ‘फौज’ न म्हणता ‘बलुते’ म्हटले असते, असे आम्ही एकमेकांत म्हणत होतो. सेवेच्या बदल्यात पिकाचा वाटा. कोणी कोणाला रोकड देत नाही, सारे एकमेकांवर अवलंबून. त्रिं. ना. आत्र्यांच्या ‘गावगाडा’ने १९१५ साली या व्यवस्थेचे तपशीलवार चित्र काढले, आणि पुढे ‘परस्परावलंबी स्वयंपूर्ण खेडे’ हे वर्णन पाठ्यपुस्तकांतून इतके रुळले की ते ऐकताना खटकेनासे झाले. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि त्याच शब्दाची दुसरी बाजू समोर आली. वाटा मिळत होता, पण तो घेणाऱ्याला दुसरीकडे जाण्याची वाट ठेवलेली नव्हती. ‘परस्परावलंबन’ हा शब्द खोटा नव्हता. तो अर्धाच होता.

हाइल यांचे २०१४ चे संशोधन वाचताना आम्हांला हीच आठवण झाली आणि तितक्याच तातडीने सावध व्हावेसेही वाटले. मुंगीवर अन्याय होतो असे म्हणणे निरर्थक आहे, कारण अन्याय हा शब्द माणसांचा आहे. आणि झाड-मुंगीत असते म्हणून माणसांतही तसे असणे नैसर्गिक, असे म्हणणे तर घातक आहे. जातिव्यवस्थेची समर्थने अशाच उपमांवर जगली आहेत. उपमा दोन्ही दिशांनी वाहते. समाजातून उचललेला शब्द निसर्गाला लावायचा, आणि मग निसर्गातच ते आहे म्हणून समाजाला ऐकवायचे, ही वाट फार जुनी आणि फार वापरातली आहे. साहित्य शिकवणाऱ्यांचे काम या वाटेवर उभे राहून कोण काय घेऊन जातो ते तपासण्याचे आहे, असे आम्हांला वाटते.

२००८ साली केनियातून आलेले एक संशोधन याच संदर्भात सांगण्यासारखे आहे. तिथल्या काटेरी बाभळींवरही राखणदार मुंग्या असतात. संशोधकांनी काही भागाला कुंपण घालून हत्ती, जिराफ यांसारखे झाडपाला खाणारे मोठे प्राणी दहा वर्षे बाहेर ठेवले. शत्रू गेला, झाडांनी मधुग्रंथी आणि मुंग्यांच्या राहण्याजोगे पोकळ काटे कमी केले. मग चांगली राखणदार मुंगी खवले किडीकडे वळली किंवा माघार घेऊ लागली, आणि तिच्या जागी दुसरी मुंगी आली, जी खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना मोकळे रान देते. शत्रू नसलेल्या कुंपणात झाडे जोमाने वाढायला हवी होती. त्यांची वाढ मंदावली आणि ती अधिक प्रमाणात मेली. फौज, पगार, बलुते, अंगरक्षक, कोणताही एकच शब्द घेऊन बसले तर ही गोष्ट आधी सांगता आली नसती.

आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागात, कर्नाटक आणि केरळच्या जंगलांत, हम्बोल्टिया नावाचे झाड आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर बरेच काम केले आहे. त्याच्या कोवळ्या पानांवर मध असतो, काही झाडांच्या फांद्यांत मुंग्यांना राहण्यासाठी पोकळ्या असतात, काहींच्या नसतात. राहणाऱ्या मुंग्याही अनेक जातींच्या. काही राखण करतात, काही नुसत्याच राहतात. एकाच जातीच्या झाडात राखणदार आणि फुकटे शेजारी शेजारी नांदतात. देल्पिनोचे ‘प्रत्येक’ आणि इहेरिंगची पिसू, दोन्ही तिथे एकाच फांदीवर सापडावीत.

८

आता पुन्हा त्या पानाकडे. ते टेबलावर दोन दिवस होते, मग सुकले. त्या विद्यार्थिनीला आम्ही आमचे उत्तर चुकल्याचे सांगितले आणि वरचा बराचसा इतिहासही सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मग आमच्या एरंडावरच्या मुंग्या राखण करतात, असं लिहू का?’’

‘मावा पडला असेल’ या उत्तराइतकेच ‘राखण करतात’ हे उत्तरही आमच्या ओठांवर तयार होते. पण त्या बांधावरच्या एरंडाबद्दल आमच्याजवळ होते ते एवढेच : ग्रंथी आहेत, थेंब आहे, मुंग्या येतात. पुढचे वाक्य लिहायचे तर काही झाडांवरच्या मुंग्या दूर ठेवून पाने मोजायला हवीत. आम्ही तसे तिला सांगितले. या पावसाळ्यात तिने बांधावरच्या सहा एरंडांना खुणेचे दोरे बांधले आहेत. तिघांच्या बुंध्याला वंगणाचा पट्टा लावला आहे, म्हणजे मुंग्या वर चढणार नाहीत. खाल्लेली पाने ती दर रविवारी वहीत मांडते. ही वही मराठीच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत बसत नाही. दर सोमवारी आम्ही ती मागून घेतो.